‘फुकट’चे कुंपण आणि आतले शेत

विश्लेषण
- आमच्या प्रतिनिधीकडून

‘फुकट ते पौष्टिक’ ही म्हण संगणकाच्या जन्माआधीची असली, तरी तिचा खरा कस लागला तो सॉफ्टवेअरच्या बाजारात. तीस दिवस वापरून पाहा, चाळीस मिनिटांपर्यंत बोला, पन्नास टिपणांपर्यंत लिहा. पुढचे हवे असेल तर पैसे मोजा, असा हा व्यवहार आहे. मिठाईवाल्याने चवीपुरता दिलेला पेढा खाऊन गिऱ्हाईक निघून गेले, तर दुकानदाराचे नुकसान एका पेढ्याचे. सॉफ्टवेअरच्या बाबतीत मात्र अनेकदा अख्खे दुकानच गिऱ्हाइकाच्या घरी पोहोचलेले असते. नमुना आणि पूर्ण माल यांत अंतर असते ते केवळ काही अक्षरांच्या परवाना-क्रमांकाचे. तो क्रमांक कुठून तरी मिळवावा, संगणकाचे घड्याळ मागे फिरवावे किंवा दर महिन्याला नव्या ई-मेल पत्त्याने नवे खाते उघडावे, असे मोह मग साहजिकच होतात.

हा मोह आवरावा म्हणून सॉफ्टवेअर विकसकांनी गेल्या चार दशकांत कधी विनवणी केली, कधी कुलपे लावली, तर कधी सापळे रचले. या खटाटोपाचा इतिहास रंजक आहेच. पण त्यातून निघणारा धडा अधिक महत्त्वाचा आहे. अभेद्य कुलूप फारसे कोणाला बनवता आले नाही. यश मिळाले ते पैसे देण्याचा मार्ग पळवाटेपेक्षा सोपा करणाऱ्यांना. आणि जेथे कुंपण घालणाऱ्याचा तोल गेला, तेथे चोर मोकळा राहून पैसे भरणाऱ्यालाच त्याचे काटे टोचले. आज बहुतेक सॉफ्टवेअर आपल्या संगणकातून निघून कंपनीच्या सर्व्हरवर जाऊन बसले असताना हा धडा नव्याने वाचण्याची गरज आहे.

विश्वासावर उभा राहिलेला व्यापार

वैयक्तिक संगणक बाजारात येऊ लागले तेव्हाच हा वाद सुरू झाला. ३ फेब्रुवारी १९७६ रोजी बिल गेट्स यांनी हौशी संगणकप्रेमींना उद्देशून एक अनावृत पत्र लिहिले. ‘अल्टेअर’ संगणकासाठी आपण बनवलेली ‘बेसिक’ ही प्रणाली सर्रास वापरली जाते. पण ती विकत घेणारे संगणकधारक दहा टक्क्यांहूनही कमी आहेत, अशी त्यांची तक्रार होती. यंत्राचे पैसे द्यायचे आणि सॉफ्टवेअर मात्र आपसांत वाटून घ्यायचे, ही त्या वेळची रीत होती.

या रीतीलाच व्यापाराचे रूप देण्याचा प्रयोग काही जणांनी केला. १९८२ मध्ये अँड्र्यू फ्लूगलमन यांनी ‘पीसी-टॉक’ हा प्रोग्रॅम लोकांना मोकळेपणाने वाटू दिला आणि उपयोगी वाटल्यास २५ डॉलर पाठवावेत, अशी विनंती त्यात केली. त्याच सुमारास जिम नॉफ यांनी ‘पीसी-फाइल’साठी हीच वाट धरली. १९८३ मध्ये बॉब वॉलेस यांनी ‘पीसी-राइट’ बाजारात आणताना आणखी एक पाऊल टाकले. ७५ डॉलर भरून नोंदणी करणाऱ्याला स्वतःचा क्रमांक मिळे. त्याने वाटलेल्या प्रतीवरून दुसऱ्या कोणी नोंदणी केली, तर पहिल्याला २५ डॉलर परत मिळत. म्हणजे नक्कल करणाऱ्याला चोर न ठरवता वॉलेस यांनी त्याला विक्रेता बनवले. ‘शेअरवेअर’ हा शब्द रूढ झाला तोही याच काळात.

या पद्धतीचा सर्वांत गाजलेला विजय म्हणजे डिसेंबर १९९३ मध्ये आलेला ‘डूम’ हा खेळ. तीन भागांपैकी पहिला भाग संपूर्ण आणि विनामूल्य. उरलेले दोन हवे असतील तर पैसे द्यायचे. यात फोडण्याजोगे कुलूपच नव्हते, कारण पुढचे भाग फुकट प्रतीत समाविष्टच नव्हते. मर्यादा ओलांडू द्यायची नसेल, तर पलीकडचा माल कुंपणाच्या आत ठेवूच नये, हा साधा नियम ‘डूम’ने दाखवून दिला. तो आजही लागू आहे.

आठवण, अडवणूक आणि शिक्का

सगळ्याच सॉफ्टवेअरचे असे तुकडे पाडता येत नाहीत. म्हणून सौम्य उपायांची एक परंपराच तयार झाली. त्यातले सर्वपरिचित उदाहरण ‘विनरार’चे. फाइली आकुंचित करणाऱ्या या प्रोग्रॅमची चाचणीची मुदत ४० दिवसांची. ती उलटल्यावर परवाना विकत घ्या, असे सांगणारी एक खिडकी उघडते. ती बंद केली की काम पूर्ववत सुरू! यावर इंटरनेटवर विनोदांचे पीक आले असले, तरी यामागचा हिशेब भाबडा नाही. घरी बसून महिन्यातून दोनदा फाइल उघडणाऱ्याला अडवून फारसे काही हाती लागत नाही. उलट त्याच्या हाताला सवय लागली की तो नोकरीच्या ठिकाणीही तेच सॉफ्टवेअर मागतो, आणि हिशेबतपासणीला सामोरे जाणाऱ्या कंपनीला परवाना घ्यावाच लागतो. १९७६ मध्ये तक्रार करणाऱ्या गेट्स यांनीही १९९८ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठात बोलताना चीनमधील नकलांविषयी अशाच आशयाचे उद्गार काढले होते. लोक चोरणारच असतील, तर त्यांनी आमचेच चोरावे, असा त्यांचा सूर होता.

आपल्याकडच्या वाचकाला अधिक जवळचे उदाहरण ‘टॅली’चे. हिशेबाच्या या भारतीय सॉफ्टवेअरची परवान्याविना चालणारी ‘शैक्षणिक’ पद्धत महाराष्ट्रातील वाणिज्य शाखेच्या असंख्य विद्यार्थ्यांनी क्लासमध्ये वापरली आहे. तिच्यात जवळजवळ सर्व सोयी असतात. मात्र व्यवहारांच्या नोंदी महिन्याचे पहिले दोन दिवस आणि महिनाअखेर याच तारखांना करता येतात. ही मर्यादा ज्याने योजली त्याला हिशेबनीसाचे मन चांगले कळले असले पाहिजे. जमा-खर्च शिकणाऱ्या विद्यार्थ्याला कोणतीही तारीख चालते, त्यामुळे त्याचे काहीच अडत नाही. व्यापाऱ्याचे मात्र पाऊलही पुढे पडत नाही. सतरा तारखेचे बिल एक तारखेला दाखवले, तर बँकेचा ताळमेळ बसत नाही आणि वस्तू व सेवा कराचे विवरणपत्रही जुळत नाही. येथे कुलूप फोडायचे तर आधी स्वतःचे हिशेब खोटे करावे लागतात. शिकणारा आणि कमावणारा यांच्यात इतकी नेमकी रेघ क्वचितच कोणी ओढली असेल.

‘ऑटोकॅड’ बनवणाऱ्या ऑटोडेस्क कंपनीने अनेक वर्षे दुसरा मार्ग अवलंबला होता. विद्यार्थी आवृत्तीत काढलेल्या आराखड्याच्या छापील प्रतीवर, तो शैक्षणिक सॉफ्टवेअरमधून आल्याचा शिक्का चारही कडांना उमटत असे. एवढेच नव्हे, तर असा आराखडा दुसऱ्या, रीतसर फाइलमध्ये घेतला की शिक्क्याची लागण तिलाही होई. नगरपालिकेत किंवा ग्राहकापुढे असा नकाशा ठेवण्याचे धाडस कोण करील? त्यामुळे व्यावसायिक कार्यालये विद्यार्थ्यांच्या फाइलींपासून चार हात दूर राहत. पुढे कंपनीने हा शिक्का काढून टाकला. तरीही या उपायामागचे तत्त्व लक्षात घेण्याजोगे आहे. येथे काम अडवलेले नव्हते. फुकट साधनावर केलेले काम जगासमोर मांडताना वाटणाऱ्या संकोचाचा आधार घेतला होता.

मर्यादा चुकीच्या जागी घातली की काय होते, याचेही उदाहरण आहे. मायक्रोसॉफ्टने विकसनशील देशांसाठी ‘विंडोज एक्सपी’ची ‘स्टार्टर’ आवृत्ती काढली. भारतात ती २००५ मध्ये हिंदीतून आली. कमी किमतीच्या या आवृत्तीत एका वेळी तीनच प्रोग्रॅम उघडता येत. पत्र लिहिताना गाणी ऐकावीत आणि इंटरनेटही पाहावे, एवढ्यावरच मर्यादा संपे. पहिल्यांदाच संगणक घेणाऱ्या कुटुंबाला ही अट अपमानास्पद वाटली तर नवल नाही, कारण ती कामाच्या स्वरूपावर नव्हे, तर रोजच्या सहज वापरावर होती. ‘विंडोज ७’च्या स्टार्टर आवृत्तीतही हीच अट ठेवण्याचा कंपनीचा विचार होता, पण मे २००९ मध्ये तिने तो सोडून दिला.

कुलूप तुटते कसे?

सौम्य उपाय पुरत नाहीत तेथे तंत्रज्ञानाची कुलपे येतात. त्यांची मूळ अडचण एकच आहे. प्रोग्रॅम चालतो तो वापरकर्त्याच्या यंत्रावर, म्हणजे कुलूप आणि ते फोडणारा एकाच खोलीत बंद असतात. परवाना खरा आहे का, या प्रश्नाचे उत्तर शेवटी ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच असते. प्रोग्रॅममध्ये तो निर्णय जेथे होतो ती जागा शोधून ‘नाही’चे ‘हो’ केले की काम झाले. ‘क्रॅक’ म्हणतात तो हाच उद्योग.

विकसकांचे प्रतिउपाय टप्प्याटप्प्याने आले. चाचणीची मुदत मोजणारी नोंद एकाच जागी न ठेवता संगणकात चार ठिकाणी पेरली जाऊ लागली, जेणेकरून प्रोग्रॅम काढून पुन्हा बसवला तरी ती मागे उरावी. घड्याळ मागे नेणाऱ्यांसाठी, शेवटच्या वापराची तारीख जपून ठेवण्याची युक्ती निघाली. ‘आज’ जर ‘काल’च्याही आधीचा निघाला, तर मुदत संपली असे समजायचे. परवाना-क्रमांक पूर्वी एखाद्या गणिती सूत्राने तपासला जाई. ते सूत्र कळले की खोटे क्रमांक छापण्याचा कारखानाच उघडता येई. त्यावर डिजिटल स्वाक्षरीचा तोडगा निघाला. क्रमांकावर कंपनी आपल्या गुप्त किल्लीने सही करते आणि प्रोग्रॅमजवळ असते ती फक्त सही ओळखण्याची किल्ली. सही ओळखता आली म्हणून ती करता येत नाही. त्यामुळे नवे क्रमांक बनवणे जवळपास अशक्य झाले. तपासणीची जागाच उखडून टाकण्याचा मार्ग मात्र उरला. तोही अवघड व्हावा म्हणून प्रोग्रॅमची मांडणी मुद्दाम गुंतागुंतीची केली जाते आणि तपासण्या ठिकठिकाणी विखुरल्या जातात.

‘इंटरनेट डाउनलोड मॅनेजर’ वापरणाऱ्यांना याचा एक आविष्कार ठाऊक असेल. खोटा क्रमांक घालून तो सुरू होतो, काही काळ नीट चालतोही. मग एके दिवशी नोंदणी खोट्या क्रमांकाने झाल्याचे सांगून बंद पडतो. हा उशीर हेतुपुरस्सर असू शकतो. तपासणी ताबडतोब झाली, तर फोडणाऱ्याला आपले काम जमले की नाही हे लगेच कळते. ती दोन आठवड्यांनी झाली, तर त्याला प्रत्येक प्रयत्नासाठी दोन आठवडे थांबावे लागते. विकसकाला हवा असतो तो एवढाच वेळ, कारण बहुतेक विक्री सुरुवातीच्या काळात होत असते.

खेळ बनवणाऱ्यांनी तर यातही विनोद शोधला. ‘अ‍ॅम्ब्रोशिया’ या अमेरिकी कंपनीच्या १९९६ मधील ‘एस्केप व्हेलॉसिटी’ या अंतराळ-खेळात कॅप्टन हेक्टर नावाचे पात्र होते. चाचणीचे ३० दिवस सुरू असेपर्यंत हा हेक्टर नोंदणीची आठवण करून देत फिरे. मुदत संपली की तोच खेळाडूच्या यानावर हल्ला चढवी. कंपनीने पाळलेल्या पोपटाचे नाव या पात्राला दिले होते. २०१३ मध्ये ‘ग्रीनहार्ट गेम्स’ने ‘गेम डेव्ह टायकून’ची ‘फोडलेली’ प्रत स्वतःच इंटरनेटवर सोडली. हा खेळ सॉफ्टवेअर कंपनी चालवण्याचा. त्या प्रतीत खेळणाऱ्याची काल्पनिक कंपनी काही वेळाने चाचेगिरीमुळेच बुडे! पहिल्या दिवसाचे आकडे कंपनीने जाहीर केले. विकत घेणारे २१४ आणि फुकट प्रत खेळणारे ३,१०४, म्हणजे ९३.६ टक्के. ‘माझी कंपनी चाचेगिरीने का बुडते?’ असे यातील काहींनी निरागसपणे विचारलेही. त्या दोघा भावांच्या छोट्याशा कंपनीने कोणाला शिक्षा न करता आपली व्यथा मात्र नेमकी पोहोचवली.

चोर सोडून संन्याशाला फाशी

हाच खेळ तोल सुटला की कसा अंगाशी येतो, हे २०१८ मध्ये दिसले. विमान उडवण्याच्या आभासी खेळांसाठी प्रणाली बनवणाऱ्या ‘फ्लाइट सिम लॅब्ज’ने आपल्या ‘ए-३२०’ विमानाच्या सॉफ्टवेअरसोबत एक छुपी फाइल पाठवली. तिच्यात ‘क्रोम’ ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड काढून घेण्याची क्षमता होती. चोरीचा क्रमांक वापरणाऱ्यालाच गाठण्यासाठी ती होती, असा खुलासा कंपनीने केला. पण फाइल उतरली होती ती प्रामाणिक ग्राहकांच्याही संगणकावर. ओरड झाल्यावर कंपनीला ती मागे घ्यावी लागली. चोर पकडण्यासाठी साऱ्या वस्तीच्या घरांच्या किल्ल्या करून ठेवण्यासारखाच हा प्रकार होता.

हेतू शुद्ध असूनही ग्राहक भरडला जाऊ शकतो. ऑक्टोबर २००१ मध्ये आलेल्या ‘विंडोज एक्सपी’पासून मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांसाठी ‘अ‍ॅक्टिव्हेशन’ सक्तीचे केले, आणि २००५ पासून प्रत अस्सल आहे की नाही हे तपासणारी व्यवस्था आणली. ऑगस्ट २००७ मध्ये या व्यवस्थेच्या सर्व्हरवर बिघाड झाला आणि सुमारे १९ तास ती रीतसर विकत घेतलेल्या प्रतींनाही बनावट ठरवत राहिली. सुमारे बारा हजार संगणकांना हा फटका बसला. संख्या मोठी नसेल. पण पैसे मोजूनही ‘तुमची प्रत खोटी आहे’ असे ऐकून घ्यावे लागलेल्या ग्राहकाला आकडेवारीचे काय होय? त्याच वेळी, फोडलेल्या प्रती वापरणारे अनेक जण या तपासणीच्या वाटेला गेलेच नव्हते.

मराठी मुद्रणव्यवसायाला हा अनुभव नवा नाही. पुण्याच्या ‘मॉड्युलर इन्फोटेक’चे ‘श्रीलिपि’ किंवा ‘सी-डॅक’चे ‘आयएसएम’ यांसारखी देवनागरी सॉफ्टवेअर संगणकाच्या मागे लावायच्या ‘डोंगल’सह येत. डीटीपीवाले त्याला सरळ ‘लॉक’च म्हणत. छोट्या बाजारपेठेत, प्रचंड मेहनतीने बनवलेल्या टंकांचे मोल वसूल करण्याचा तो रास्त मार्ग होता, हे मान्यच केले पाहिजे. पण ते लॉक बिघडले, हरवले किंवा नव्या संगणकाला ते लावायची जागाच उरली नाही, की अडकून पडे तो पैसे भरलेला मुद्रक. शिवाय त्या काळातील मजकूर युनिकोडमध्ये नसे. तो ज्या टंकात टाइप केला तो टंक नसेल, तर पडद्यावर निरर्थक चिन्हांची रांग दिसे. लॉक सॉफ्टवेअरला होते. पण त्यात कोंडली गेली ती मराठी पुस्तके, अंक आणि पत्रिका.

कुलूप बनवणारा स्वतःच नाहीसा झाला तर काय, हा त्याहून कठीण प्रश्न आहे. वर उल्लेखिलेल्या अ‍ॅम्ब्रोशियाने चोरीच्या क्रमांकांना आळा घालण्यासाठी ठरावीक मुदतीनंतर निरुपयोगी होणारे परवाना-क्रमांक आणले. नवा संगणक घेतला की कंपनीच्या सर्व्हरकडून क्रमांक ताजा करून घ्यायचा. युक्ती प्रभावी होती. पण २०१९ च्या सुमारास कंपनीचे संकेतस्थळ बंद पडले आणि रीतसर खरेदी केलेल्यांनाही क्रमांक ताजे करून मिळेनात. अडोबीने अशाच प्रसंगी बरी वाट काढली होती. ‘क्रिएटिव्ह सूट २’चे अ‍ॅक्टिव्हेशन सर्व्हर बंद करताना, जानेवारी २०१३ च्या सुमारास तिने अ‍ॅक्टिव्हेशनविना चालणारी प्रत आणि क्रमांक खुले केले. ते जुन्या परवानाधारकांपुरतेच आहे, असे कंपनीने बजावले. लोकांनी मात्र अडोबीने फोटोशॉप फुकट वाटले असा सोयीस्कर अर्थ घेतला, ती गोष्ट वेगळी.

किल्ली आता विक्रेत्याच्या घरी

मे २०१३ मध्ये अडोबीने यापुढे सॉफ्टवेअर कायमचे विकणार नाही, केवळ वर्गणीवर देणार, असे जाहीर केले. त्यानंतरच्या काळात बाजाराचा रोखच पालटला. सॉफ्टवेअर जर कंपनीच्या सर्व्हरवर चालत असेल, तर वापरकर्त्याच्या हाती फोडण्यासारखे काही उरतच नाही. चार दशके जे अभेद्य कुलूप सापडत नव्हते, ते असे सापडले.

‘झूम’ची चाळीस मिनिटांची मर्यादा महासाथीच्या काळात घराघरात पोहोचली. २०२० मध्ये कंपनीने अनेक देशांतील शाळांसाठी ती शिथिल केली. तरी बाकीच्यांसाठी चाळीस मिनिटे हाच तासिकेचा नवा हिशेब ठरला. शिकवण्या, भजनी मंडळे, गृहनिर्माण सोसायट्यांच्या सभा, सगळ्यांनी वेळ संपताच त्याच दुव्यावरून पुन्हा आत शिरण्याची सवय लावून घेतली. ही पळवाट कंपनीला दिसत नव्हती असे नाही. घरगुती गप्पांत पुन्हा जोडून घेणे हसण्यावारी नेता येते. ग्राहकासमोर सादरीकरण चालू असताना पडदा काळा होणे परवडत नाही. पैसे देतो तो दुसरा. ‘टॅली’च्या तारखांमागचे तत्त्व ते हेच. पुढे जुलै २०२२ पासून दोघांतील संभाषणालाही हीच मर्यादा लागू झाली.

‘झूम’ अडवते ती वेळ. पण जेथे आपली माहितीच सेवेच्या ताब्यात असते, तेथे मर्यादेचा अर्थ बदलतो. कार्यालयीन संवादाच्या ‘स्लॅक’ने सप्टेंबर २०२२ पासून फुकट वापरकर्त्यांना मागच्या ९० दिवसांचेच संदेश दाखवायला सुरुवात केली. जुने संदेश दडलेले होते. पैसे भरले की दिसत. ऑगस्ट २०२४ पासून एक वर्षाहून जुने संदेश काढूनच टाकण्यास सुरुवात झाली. ‘एव्हरनोट’ने डिसेंबर २०२३ मध्ये फुकट वापरावर ५० टिपणे आणि एका वहीची मर्यादा घातली. वर्षानुवर्षे शेकडो टिपणे साठवलेल्यांना जुनी वाचता येत होती. नवे एक लिहायचे तर मात्र पैसे भरणे आले. कंपनीला खर्च असतो, सर्व्हर फुकट चालत नाहीत, हे सारे खरे. पण नव्या गिऱ्हाइकाला दारात अट सांगणे वेगळे आणि आत येऊन संसार थाटलेल्याला मध्येच भाडे सांगणे वेगळे. पहिला व्यवहार आहे, दुसरी अडवणूक आहे.

कायद्याची दोन टोके

भारतीय कायदा विकसकाच्या बाजूने पुरेसा कडक आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३-ब नुसार संगणक प्रोग्रॅमची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपासून दोन लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. वापर व्यापारासाठी नसेल तर न्यायालय कैद टाळू शकते. २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६५-अ प्रमाणे हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक कुलूप तोडणे हाही गुन्हा असून त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद आहे. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्याच्या तुलनेत आपल्या कलमात हेतूची अट आहे, ही जमेची बाजू.

तरीही कायद्याच्या धाकाने चित्र पालटलेले नाही. ‘बिझनेस सॉफ्टवेअर अलायन्स’ या उद्योगसंघटनेच्या पाहणीनुसार २०१७ मध्ये भारतातील ५६ टक्के सॉफ्टवेअर विनापरवाना होते. २०१५ मध्ये हे प्रमाण ५८ टक्के होते. आकडे विक्रेत्यांच्या संघटनेचे आहेत हे ध्यानात ठेवूनही, दोन वर्षांतली घट किरकोळ म्हणावी लागेल. या बाबतीत चोरट्या प्रतींचा धोका कायद्याहून अधिक धडा शिकवतो. ‘स्टॉप-डीजेव्हीयू’ नावाने ओळखले जाणारे, फाइली ओलीस धरून खंडणी मागणारे विषाणू प्रामुख्याने ‘क्रॅक’च्या वेष्टनातूनच पसरले. फुकटची किल्ली घरात घेताना तिच्यासोबत कोण आत येते, हे तपासण्याचे साधन सामान्य वापरकर्त्याकडे नसते.

कायद्याचे दुसरे टोक मात्र आता विक्रेत्याकडेही वळले आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप होणाऱ्या वसुलीआधी ग्राहकाला पूर्वसूचना द्यावी लागते. ‘महिनाभर फुकट’ म्हणत कार्डाचा क्रमांक घ्यायचा आणि विसरलेल्या ग्राहकाकडून वर्षभर पैसे कापत राहायचे, या धंद्याला त्यामुळे चाप बसला. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या मांडणीच्या तेरा प्रकारांना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत वर्गणीच्या सापळ्याबरोबर वारंवार टोचणी लावण्याचाही समावेश आहे. शेअरवेअरच्या काळात सभ्य मानली गेलेली आठवण आणि बेकायदा ठरणारी टोचणी यांतली सीमारेषा कोठे, हे आता ठरवावे लागेल.

कुंपण कसे असावे?

या साऱ्यातून काही कसोट्या हाती लागतात. मर्यादा अशी असावी, की शिकणाऱ्याचे अडू नये आणि कमावणाऱ्याला ती टाळणे महाग पडावे. ती पहिल्या दिवशीच स्पष्ट सांगितलेली असावी. ग्राहक गुंतल्यानंतर बदललेली नसावी. तपासणीत शंका आली, तर तिचा फायदा वापरकर्त्याला मिळावा. दहा चोर सुटले तरी चालतील, पण एका खऱ्या ग्राहकाचे काम बंद पडता कामा नये. आणि मुदत संपो, वर्गणी थांबो वा कंपनी बुडो, ग्राहकाने स्वतः निर्माण केलेला मजकूर, हिशेब आणि चित्रे त्याला सोबत नेता आली पाहिजेत. सॉफ्टवेअर कंपनीचे असते. त्यात लिहिलेले पत्र लिहिणाऱ्याचे.

वापरकर्त्याची जबाबदारीही कमी नाही. ज्याच्यावर आपला धंदा चालतो त्या साधनाचे पैसे देणे हा उपकार नव्हे. ज्यांना ते परवडत नाही त्यांच्यासाठी ‘लिब्रे ऑफिस’, ‘गिंप’, ‘ब्लेंडर’ यांसारखी मुक्त सॉफ्टवेअर उपलब्ध आहेत, आणि त्यांना फोडण्यासारखे कुलूपच नाही. दहा प्रोग्रॅमांचे चोरटे क्रमांक गोळा करणाऱ्याने ती एकदा वापरून पाहिली, तर त्यातील निम्म्याची गरज नव्हती असे त्याच्या लक्षात येईल.

कुंपण घालण्याचा विकसकाचा हक्क निर्विवाद आहे. मेहनत त्याची, शेत त्याचे. पण आज त्या शेतात वापरकर्त्याचेही पीक उभे आहे. त्याची टिपणे, त्याचे संदेश, त्याच्या दुकानाचे हिशेब तेथेच आहेत. चोराला दूर ठेवण्यासाठी घातलेले कुंपण या पिकावर हक्क सांगू लागले, तर ‘कुंपणच शेत खाते’ हे जुने मराठी वचन सॉफ्टवेअरच्या बाजारातही खरे ठरेल. तसे झाले तर ग्राहक पळवाट शोधत बसणार नाही, ते शेतच सोडून जाईल. चोरीपेक्षा मोठे ते नुकसान कोणत्याही कुलपाने भरून निघणार नाही.